रिकामा स्लॉट

आमच्या अमळनेरला घरातला कॉम्प्युटर जरा स्लो झाला की सगळ्यांचं एकच म्हणणं, जुना झाला, आता नवीन घ्या. शेजारचे म्हणतात, दुरुस्तीवाले म्हणतात, घरातली मुलं तर म्हणतातच. आणि ज्याचा कॉम्प्युटर आहे तो पण मान डोलावतो, कारण बारा-तेरा वर्षं वापरलेली वस्तू, तिच्यात काय राहिलं असणार. मला हे कधीच पटलं नव्हतं आणि आमच्या घरच्या मशीनची रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, वाढवल्यापासून तर अजिबातच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहायला बसले.

मी घरूनच अकाउंटिंगची कामं करते. बाजारपेठेतले दोन-तीन किराणावाले, एक कृषी केंद्र, एक कापड दुकान, यांच्या टॅलीतल्या एन्ट्र्या, बिलं, जीएसटीची रिटर्नं. ज्यांचं हे काम आहे त्यांना अकरा तारीख आणि वीस तारीख म्हणजे काय ते माहितीय, अकराला विक्रीच्या बिलांचं रिटर्न जीएसटीआर-१ आणि वीसला कर भरायचं ३बी. त्या दिवसात पोर्टल आधीच जड चालतं, त्यात माझी टॅली उघडी, एक्सेलची शीट उघडी, ब्राउझरला पाच-सात टॅब, आणि मशीन असं अडकून बसायचं की माउस हलवला तरी बाण जागचा हलायचा नाही. कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा सारखा पेटलेला आणि आतून खरखर, खरखर. मोबाईलवर ओटीपी यायचा आणि तो टाकायची चौकट स्क्रीनवर उमटेपर्यंत त्याची वेळ संपून जायची. दुसऱ्याच्या दंडाची जबाबदारी डोक्यावर असताना ते बघत बसणं काय असतं ते शब्दात सांगता येत नाही.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही, बाहेरूनच सांगून टाकलं, "ताई, याचा मदरबोर्डच गेलाय, याच्यावर पैसे घालू नका," आणि लगेच मोबाईलवर नव्या कॉम्प्युटरचा भाव, हप्त्यासकट. मला राग आला तो याचाच. बोर्ड गेला असता तर मशीन चालूच झालं नसतं, ते तर रोज चालू होत होतं, फक्त दमत होतं. माणसाला ताप आलाय म्हटल्यावर निदान नाडी तरी बघायची की नाही?

मग मीच बघितलं, आणि बघायला काही शिकावं लागत नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथे मेमरीवर क्लिक करायचं. एकूण मेमरी ४ जीबी, वापरात ९० टक्क्यांच्या वर, आणि त्याच्या खालीच डिस्क १०० टक्के. खाली बारीक अक्षरात स्पीड लिहिलेला असतो आणि स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या जागा, किती भरलेत तेही, माझ्याकडे दोनातला एक भरलेला होता. म्हणजे शेजारचा स्लॉट मशीन घेतल्या दिवसापासून रिकामा पडलेला होता आणि आम्ही नवीन कॉम्प्युटरच्या हप्त्याचा हिशोब करत बसलो होतो.

हे नीट कळायला रॅम आणि हार्डडिस्क यातला फरक कळावा लागतो. आमच्याकडे दादर ज्वारी निघाली की ती खळ्यावर येते, मळणी होते, उफणणी होते आणि मग पोती भरून घरात कोठीत. काम सगळं खळ्यावर, कोठी फक्त ठेवायला. आता खळंच एवढंसं असेल तर काय होईल, अर्धा माल खळ्यावर, अर्धा परत कोठीत नेऊन ठेवा, इकडचं झालं की तिकडचं आणा, माणसं दिवसभर नुसती वाहतूक करतील आणि दाणा काही निघणार नाही. रॅम म्हणजे ते खळं. ती भरली की विंडोज त्यातला काही भाग उचलून हार्डडिस्कवर ठेवतं आणि लागला की परत आणतं, आणि रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागत असतील तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कला दहा मिलिसेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे लाखपट. ती खरखर त्या वाहतुकीची होती. प्रोसेसर बिचारा मधल्या वेळात नुसता उभा. त्याला म्हातारा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आमचं मशीन म्हणजे इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच६१ जातीचा मदरबोर्ड, डीडीआर३ जातीची रॅम. त्या काळात खानदेशात ज्यांनी कोणी असेंबल करून घेतलं त्यातल्या बऱ्याच घरांत हेच असणार. हा बोर्ड १६ जीबीपर्यंत रॅम घेतो, दोन स्लॉट, प्रत्येकात आठ. घेताना पैसे वाचवायला ४ ची एकच पट्टी टाकलेली, आणि तेव्हा ती पुरत पण होती, कारण तेव्हा बँकेची वेबसाइट म्हणजे चार ओळी आणि एक लोगो असायचा, आता तेवढ्याच कामाला एकेक टॅब दोन-तीनशे एमबी खाऊन बसतो. मशीन होतं तिथेच आहे, ओझं वाढलंय.

रॅम आणायला जळगावला गेले, गोलाणी मार्केटला. भुसावळकडे जाणारी गाडी, धरणगाव, पाळधी, जळगाव, खिडकीबाहेर कापूस आणि केळीच्या बागा. गोलाणीत कॉम्प्युटरची आणि मोबाईलची इतकी दुकानं आहेत की एकाकडे नाही तर दुसऱ्याकडे मिळतंच, फक्त काय मागायचं ते माहिती पाहिजे. मी जुनी पट्टीच काढून पर्समध्ये वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून नेली होती, आणि हे मी सगळ्यांना सांगते, तोंडी सांगण्यापेक्षा पट्टी दाखवा. तिच्यावरच्या लेबलवर सगळं असतं, ४ जीबी, पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ चा स्पीड, १.५ व्होल्ट. दुकानदार भला माणूस होता, त्याने पट्टी उजेडात धरून लेबल वाचलं आणि खोक्यातून तशाच चार-पाच पट्ट्या काढून समोर ठेवल्या.

इथे दोन-तीन गोष्टी आहेत ज्यात माणूस फसतो. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, किती पण दाबलं तरी, कारण डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८, आणि खालची खाच पण वेगळ्या जागी. व्होल्टेज पण वेगळं, १.५ आणि १.२. आताच्या डीडीआर५ ला २८८ च पिना आहेत पण खाच परत वेगळी. ती खाच मुद्दाम तशी ठेवलेली असते, चुकीची पट्टी चुकीच्या बोर्डात जाऊच नये म्हणून. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती पण चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑनलाइन खूप स्वस्तात डीडीआर३ दिसते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, फक्त एएमडीसाठी, म्हणजे त्या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी. तिच्यातल्या चिपांची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डात ती चालतच नाही. लोक मागवतात, स्क्रीन काळी राहते आणि मग दोष बोर्डाला लागतो.

मी ४ चीच घेतली, वापरलेली, टेस्ट करून. ८ ची घ्यावी असं मनात आलं होतं, पण दोन सारख्या पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. एका पट्टीचा रस्ता ६४ बिटचा, दोन मिळून १२८. १३३३ च्या एका पट्टीतून सेकंदाला साडेदहा जीबीच्या वर माल जातो, दोन असल्या की एकवीस. आमच्या मशीनला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, स्क्रीनचं काम पण रॅममधूनच चालतं, म्हणून तिथे हा फरक जास्त जाणवतो. खर्च म्हणाल तर नव्या कॉम्प्युटरच्या दोन हप्त्यांच्या आत सगळं. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढायला लागलेत, एआयच्या डेटा सेंटरांकडे चिपा वळतायत म्हणून, त्यामुळे ज्यांच्या मनात आहे त्यांनी उगाच लांबवू नये असं मला वाटतं.

परत येताना गाडीत ती पट्टी हातात घेऊन बघत बसले होते. जेमतेम सव्वातेरा सेंटिमीटर, त्याच्यावर काळ्या चिपा आणि खाली सोनेरी दात. या ४ जीबीत सुमारे ३,४३६ कोटी बिट मावतात, आणि प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, ज्यात विजेचा किंचित भार असला तर एक आणि नसला तर शून्य. हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधलं, १९६८ साली त्यांना पेटंट मिळालं, २०२४ ला ते वारले. त्यांच्या रचनेतली गंमत ही की तो भार टिकतच नाही. आपोआप गळून जातो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून परत भरावी लागते, सेकंदाला पंधरा वेळा, सगळी, मशीन चालू आहे तोवर. आपण चहा प्यायला उठलो तरी ते काम चालूच. वीज गेली की सगळं साफ, आणि आमच्याकडे वीज जाते, म्हणून सेव्ह करत राहा हे मी सगळ्यांना ओरडून सांगते आणि यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलते.

गरमीने ही गळती आणखी वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की हेच काम दुप्पट वेगाने, म्हणजे ३२ मिलिसेकंदांत करावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा खोलीतलीच हवा तापलेली असते, ती पंख्याने आत ओढून कॅबिनेट कसं थंड होणार? आपल्याकडे मशीन भिंतीला चिकटवून, टेबलाच्या बंद कप्प्यात, वरून कापड घालून ठेवायची जी पद्धत आहे ती खरंच सोडायला पाहिजे.

डेनार्ड यांच्या आधी मेमरी म्हणजे लोखंडी भुकटीच्या बारीक कड्या असायच्या, तारेत ओवलेल्या, एका कडीत एक बिट. आपल्या मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टीफ्रॅक चालू झाला, त्याची मेमरी अशीच होती, ४० बिटचे २,०४८ शब्द, हिशोब केला तर दहा केबी. माझ्या पर्समधल्या पट्टीत तसे चार लाखांहून जास्त टीफ्रॅक मावले असते. जगभर त्या कड्या ओवायचं काम हातानेच व्हायचं आणि ते हात बहुतेक बायकांचे असायचे, भिंगाखाली बघून, सुईने. हे वाचलं तेव्हापासून कॉम्प्युटरचं आतलं काम बायकांचं नाही असं कोणी म्हटलं की मला ते हात आठवतात.

घरी आल्यावर संध्याकाळी ओसरीत चटई टाकली, उजेड चांगला होता. मेनमधून वायर काढली, काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. नाना, म्हणजे माझे सासरे, आरामखुर्चीतून उठून आले. "काय करी ऱ्हायनी व बेटी? करंट लागी जाई ना!" त्यांना वायर दाखवली, काढून बाजूला ठेवलेली, तेव्हा ते शेजारी स्टूल घेऊन बसले आणि बॅटरी धरायला तयार झाले.

साइडचं झाकण उघडलं आणि आत बघितलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली राखाडी नमदा बसलेला. आमच्याकडे कापसाच्या दिवसात हवेत रुईचे तंतू उडत असतात, जिनिंगजवळ राहणाऱ्यांना तर विचारायलाच नको, ते तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून असा थर होतो की चिमटीत धरून उचलला तर अख्खा निघाला, गोधडीचा तुकडा निघावा तसा. पंखा बोटाने अडवून धरला आणि मऊ ब्रशने बाकीचं काढलं. पंखा फुंकरीने नुसता फिरू द्यायचा नाही.

मग स्टॅटिक. आपल्याकडची हवा कोरडी, थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तीच वीज, आपल्याला जाणवत पण नाही एवढ्या ठिणगीने चिप जाऊ शकते. म्हणून सुती साडी, चटईवर बसलेली, आणि पट्टीला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या लोखंडाला हात लावायचा, दर वेळी. पट्टी कडेनेच धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. जुन्या पट्टीचे दात जरा काळपट झाले होते, ते पुतण्याच्या कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसले, बोर्डापासून लांब, म्हणजे रबराचा चुरा स्लॉटमध्ये जायला नको. पुष्कळदा मशीन नुसतं बीप बीप करतं आणि स्क्रीन येत नाही त्याला एवढंच कारण असतं.

स्लॉटच्या दोन्ही टोकांचे चाप बाहेर ढकलले, खाच जुळवली, पट्टी सरळ उभी ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन टोकांवर सारखा दाब दिला. इथे मन घाबरतं, कारण जोर बऱ्यापैकी लागतो आणि बोर्ड किंचित वाकल्यासारखा दिसतो. पण खाच जुळलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. एका बाजूला टक् झालं, मग दुसऱ्या बाजूला, आणि चाप आपोआप वर येऊन पट्टीच्या कडेच्या खोबणीत बसले. चाप स्वतःहून बसले म्हणजे पट्टी बसली, चाप हाताने लावावे लागत असतील तर नाही बसली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नवीन आणि जुनी, दोघी शेजारी शेजारी.

वायर लावली, बटण दाबलं. काही क्षण स्क्रीन काळीच. नाना म्हणाले, "मंग, व्हयनं का चालू?" आणि तेवढ्यात एक बीप आणि कंपनीचं नाव आलं, खाली मेमरी ८१९२. रात्री सगळे झोपल्यावर मेमटेस्ट लावून ठेवला, तो पेनड्राइव्हवरून चालतो, फुकट मिळतो आणि रॅमचा कोपरा न कोपरा लिहून-वाचून बघतो. वापरलेली पट्टी घेतली तर हे केलंच पाहिजे, कारण खराब रॅम दर वेळी मशीन बंद पाडतेच असं नाही, कधी कधी ती गुपचूप आकडे बदलते, आणि माझं तर कामच आकड्यांचं. सकाळी बघितलं, एकही चूक नाही.

पुढच्या वीस तारखेला टॅली, एक्सेल, पोर्टल, सगळं एकदम उघडं होतं आणि टास्क मॅनेजर साठ-पासष्ट टक्के दाखवत होता. हार्डडिस्क गप्प. ओटीपी आला, टाकला, झालं. मला त्या दिवशी खरंच खूप आनंद झाला, आणि नाना त्यांचा कापसाचा भाव बघायला बसले तेव्हा त्यांच्यासाठी मला काहीच बंद करावं लागलं नाही.

एक अडचण मात्र पारोळ्याला माझ्या नणंदेकडे आली, तिने माझं ऐकून रॅम वाढवली आणि विंडोज सव्वातीन जीबीच वापरतोय असं दाखवायला लागलं. तिच्याकडे विंडोज ३२ बिटचं होतं. ३२ बिटमध्ये पत्तेच ४,२९,४९,६७,२९६ होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी, आणि त्यातले काही बोर्डावरच्या इतर भागांना द्यावे लागतात. रॅम खरी होती, पण तिथपर्यंत पोचायला पत्ताच नाही. ६४ बिटचं विंडोज टाकलं आणि सगळी दिसायला लागली. तेव्हा आधी सिस्टीमची माहिती उघडून ते एवढं बघून घ्या.

रॅमने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ आमचा प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जादा सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती मी घेतलीय, कारण टॅली विंडोजवरच चालते. पुतण्या प्रताप कॉलेजला आहे, त्याने दुसऱ्या पार्टिशनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, टाकलं, आठ जीबीत ते सुरेख चालतं, मराठी टायपिंग पण होतं. मला वाईट एवढंच वाटतं की चांगली चालणारी मशीनं आता या कारणाने भंगारात जातील. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तीच पुढे विप्रो होऊन ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवायला लागली, त्या आमच्या गावात तरी लोकांनी कॅबिनेटचे दोन स्क्रू स्वतः काढून बघावेत असं मला मनापासून वाटतं.

आता फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांची डिस्क टाकायची आहे, साटा जोडणीची, अडीच इंची, बोर्डावर साटाचं एक तोंड मोकळं आहे ते मी त्या दिवशीच बघून ठेवलंय. मार्चअखेरचं काम उरकलं की परत गोलाणीला जाईन, आणि या वेळी नणंदेची पण घेऊन येईन, तिचं म्हणणं आहे की दोन घेतल्या तर दुकानदार काहीतरी कमी करेल.